नोंदपूरच्या बाईचं नाव

आत्माराम सावे मास्तर सायकलची घंटी वाजवत नसत. पुढे चाललेल्या माणसाला नावाने हाक मारत. नाव माहीत नसलं तर उतरत, विचारून घेत आणि मग पुढे जात.

पेन्सिलीला दोन्हीकडून टोक काढत. वर्तमानपत्रातलं कोडं शाईने सोडवत. चिकू तळहातावर तोलून वजन सांगत. ते वजन दर वेळी चुके आणि दर वेळी ते तितक्याच ठामपणे सांगत. चहा बशीत ओतत, थंड झाला की परत कपात घेत आणि कपातूनच पीत. टपालपेटीत पत्र टाकलं की पेटीच्या पाठीवर दोन थापा मारत, बैलाला माराव्यात तशा. हजेरी घेताना पटाकडे बघत नसत, पोरांकडे बघत. फळ्यावरचं गणित स्वतःचंच चुकलं तर बाजूला मोठ्या अक्षरांत ‘चुकलो’ असं लिहीत, खाली तारीख घालत आणि ते दिवसभर पुसू देत नसत.

घिवलीच्या शाळेत ते एकवीस वर्षं होते. शाळेमागे दोन शेतं सोडून त्यांचं कौलारू घर. घरामागे वाडी: नारळ, थोडे चिकू, केळी. घरात ते आणि त्यांची बायको मंगला. मूलबाळ नव्हतं. कुणी त्याबद्दल हळहळ दाखवली तर मास्तर म्हणत, “साठ आहेत. संध्याकाळी आपापल्या घरी जातात, हे किती बरं.”

असा हा माणूस कादंबरी लिहील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही. ती कादंबरी एका चुकीतून आली, आणि ती चूक झाली एकसष्ट सालच्या शिरगणतीत.

शिरगणतीचं काम मास्तरांकडे होतं. फेब्रुवारीचे दिवस. खांद्याला पिशवी, पिशवीत कागद, कानावर पेन्सिल. प्रत्येक माणसासाठी एक कागद आणि कागदावर पहिला प्रश्न नावाचा. पुरुष घरी असला तर काम सोपं. पण पुरुष होडीवर, नाहीतर मिठागरावर. दारात बाई. आणि बाई नवऱ्याचं नाव घेईना.

मास्तरांना ते नाव ठाऊक असे. पण विचारल्याशिवाय लिहायचं नाही, असा त्यांचा स्वतःचा नियम.

“बायडे, घरधन्याचं नाव सांग.”

“तुमाला नाय म्हाईत? परवा त्याच्याच होडीत बसून गेलात नं?”

“मला माहीत आहे. कागदाला माहीत नाही.”

“मंग कागदाला सांगा तुमी.”

“तू सांग. सरकारचं काम आहे.”

बायडी मासळी विकणारी. साऱ्या बंदरावर तिचा आवाज. ती पदर तोंडाला लावून लाजली, हे बघून मास्तर चकित झाले. मग तिने कमरेवर हात ठेवला आणि एका दमात म्हणून टाकलं,

“भरतीच्या पान्यात होडी खाते झोला,
जिवल्याचा नाव घेते, मास्तर, लिवा नि चाला!”

मास्तरांनी लिहिलं. चालूही लागले. त्यानंतर दारोदार तेच. कुणी उखाणा घेई. कुणी कोडं घाली. पारू नावाची म्हातारी म्हणाली, “दशरथाचा थोरला पोर घ्या, आन त्याला नाथ चिकटवा.” मास्तरांनी रामनाथ लिहिलं. शाईने कोडी सोडवणाऱ्या माणसाला यात काय अवघड? त्यांना मजा येऊ लागली.

मग ते टेकडीच्या पायथ्याच्या पाड्यावर गेले. दुपार कलली होती. नवसी नावाची बाई अंगण सारवत होती. नवऱ्याचं नाव विचारल्यावर ती काही बोलली नाही. शेणाचा हात तसाच वर करून तिने पूर्वेकडे दाखवलं. निळ्या आभाळात दिवसाचा फिकट चंद्र होता.

मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि सुवाच्य अक्षरांत लिहिलं: चंद्रकांत.

मार्चच्या पहिल्या तारखेला फेरतपासणीची फेरी होती. वरून तपासायला आलेला एक माणूस बरोबर होता. त्याच्यासमोर मास्तरांनी पाड्यावर उभं राहून खणखणीत हाक मारली, “चंद्रकांत!”

झोपडीतून कुणी येईना.

“चंद्रकांत आहे का घरात?”

एक काळाकभिन्न, उंच माणूस वाकून बाहेर आला. “कोन हवा?”

“चंद्रकांत. या घराचा मालक.”

तो माणूस मास्तरांकडे बघत राहिला. मग त्याने बायकोकडे बघितलं. ती पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली होती, खांदे गदगदत होते.

“मास्तर,” तो म्हणाला, “मी पुनवा. पुनवेला झालो म्हनून पुनवा. दोन महिने मिठागरावर व्हतो. तवर यो आला काय चंद्रकांत?”

सारा पाडा हसला. मास्तर सगळ्यांत जास्त हसले. त्यांनी तिथेच कागद दुरुस्त केला. पण बरोबरचा माणूस खाडाखोड बघून कपाळाला आठ्या घालत म्हणाला, “एवढं कशाला, मास्तर? यालाच आजपासून चंद्रकांत म्हणा. कागद स्वच्छ राहील.”

ते गमतीने बोलला तो. पण मास्तरांना घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. पुनवा एकटा होता आणि कागद एकटा होता. दोघांचं पटत नव्हतं. समजा, कागदाने ठरवलं की मी चुकत नाही?

त्यांनी जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू शिवून वही केली आणि लिहायला बसले. तीन वर्षं लिहीत होते. सकाळी शाळेआधी एक तास, रोज. दोनशे बारा पानं झाली.

कादंबरीतल्या गावाचं नाव नोंदपूर. तिथे प्रत्येक दारावर पाटी आहे आणि पाटीवर आत किती माणसं जेवली, किती झोपली, काय बोलली हे रोज लिहायचं आहे. सकाळी भोंगा वाजतो आणि पाट्या कचेरीत जातात. कचेरी कधी चुकत नाही. एके दिवशी सोमा नावाच्या माणसाची नोंद चंद्रकांत अशी होते. चूक झाली हे सगळ्यांना कळतं, पण चूक हा शब्द नोंदपुरात नाही. मग सोमाला चंद्रकांत करायचं ठरतं. त्याला चंद्रकांतचे कपडे मिळतात, चंद्रकांतची नोकरी मिळते, चंद्रकांतच्या लहानपणीच्या आठवणी पाठ कराव्या लागतात. सोमा म्हणून हाक मारणं हा गुन्हा. शेजाऱ्यांनी कान द्यायचे. बायकोने सही करून द्यायची, की माझ्या घरात राहतो तो चंद्रकांतच.

चौसष्टच्या जानेवारीत मास्तरांना कळलं की पालघरच्या हायस्कुलात कमलाकांत म्हणून एक नवा शिक्षक आला आहे, मराठी साहित्य घेऊन बीए झालेला. मास्तर रविवारी त्याच्या खोलीवर गेले. ओळख ना पाळख. वही टेबलावर ठेवली.

“तू साहित्य शिकलास ना? मग वाच.”

कमलाकांतने वाचलं. पुढच्या रविवारी बोईसरला उतरून, एका मालाच्या ट्रकमधून धूळ खात तो घिवलीला पोचला. रस्त्याला तेव्हा ट्रकच ट्रक होते. समुद्रालगतच्या खडकावर अणुवीजघराच्या कामाची तयारी सुरू झाली होती. तो मास्तरांच्या ओट्यावर बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. तेवीस वर्षांचा होता. वर्गात त्याने अशा कादंबऱ्यांवर व्याख्यानं ऐकली होती. पण त्या दूरच्या देशांतल्या होत्या. शिरगणतीच्या पिशवीतून असं काही निघेल हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“आवाज गेला का तुझा, बीए?” मास्तरांनी विचारलं. ते त्याला पहिल्या दिवसापासून बीए म्हणत.

“मास्तर, पुस्तक फार मोठं आहे.”

“दोनशे बारा पानं.”

“तसं नव्हे. पण एक सांगू? अशा कादंबऱ्यांचा शेवट असा होत नाही.”

“मग कसा होतो?”

“माणूस मोडतो. सत्ता आधी त्याच्या घरात शिरते, मग डोक्यात. शेवटी तो स्वतःहून म्हणतो, की मी चंद्रकांतच. आणि ते म्हणताना त्याला बरं वाटतं. तिथे वाचकाच्या अंगावर काटा येतो.”

“आणि तो पुस्तक मिटतो.”

“हो.”

“आणि जेवायला जातो.”

कमलाकांत हसला. “पण तो नियमच आहे, मास्तर. या प्रकारातला.”

“कुणी केला?”

“लिहिणाऱ्यांनी.”

“त्यांनी घिवलीत शिरगणती केली होती का?”

“ते मोठ्या शहरांतले लोक होते.”

“तरीच. शहरात माणूस एकटा सापडतो. इथे एकाला धरायला गेलं की मागून त्याची आत्या येते, चुलती येते, शेजारीण येते. दाराशी बारा जणी उभ्या. आणि एकही सरळ उत्तर देत नाही.”

मास्तरांच्या कादंबरीचा शेवट असाच होता. नोंदपूरच्या बायका नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेतात. कचेरीने नवीन नावं दिली, पण उखाण्यात त्या जुनीच नावं घेऊ लागतात. नाव उच्चारणं हा गुन्हा. पण उखाणा हे उत्तर की गाणं, यावर कचेरीत वाद पडतो. उत्तरांचं खातं म्हणतं गाणं, गाण्यांचं खातं म्हणतं उत्तर. कागद दोन टेबलांमधून हिंडत राहतात आणि तोवर विहिरीवर, बाजारात, बायकांच्या तोंडी सगळ्या गावाची खरी नावं जिवंत राहतात. शेवटच्या पानावर सोमाची बायको भर चौकात म्हणते,

“लाटेमागून लाट येते, वाळूत उरतो फेस,
सोमाचं नाव घेते मी ओलांडून वेस.”

आणि सोमा वळून बघतो.

“हा शेवट मी बदलणार नाही,” मास्तर म्हणाले. “मुंबईला छापणाऱ्याकडे पाठवायचं. मार्चमध्ये.”

“काकींनी वाचलं का?” कमलाकांतने सहज विचारलं.

मास्तर हसले. “तिला घरचं काम काय थोडं आहे?”

“द्या की,” आतून आवाज आला. “वाचते.”

मंगलाकाकी पालघरजवळच्या माहीमच्या पानमळेवाल्यांची मुलगी. मराठी सहावी पास. तिने वही घेतली. आठ दिवस दुपारी मागच्या पायरीवर बसून, ओळीखाली बोट धरून वाचली. मास्तर शाळेतून आले की नजर चुकवून बघत, कितव्या पानावर आली. मास्तरांना कधी कुणाच्या निकालाची धाकधूक वाटली नव्हती. आता वाटली.

रविवारी कमलाकांत आला. तिघं ओट्यावर बसले. काकीने वही मांडीवर ठेवली.

“छान लिवलंय,” ती म्हणाली. “कचेरीतला तो साहेब, सारखा नाकाला रुमाल लावतो तो, त्याला बघून लय हसले. पुनवाची गंमत बी छान.”

मास्तर फुलले.

“एक इचारू?”

“विचार ना.”

“हिचं नाव काय?”

“कुणाचं?”

“सोमाच्या बायकोचं.”

मास्तरांनी वहीकडे हात केला, परत घेतला. दोनशे बारा पानांत कचेरीतल्या शिपायालासुद्धा नाव होतं. भोंगा वाजवणाऱ्याला होतं. सोमाच्या बैलाला होतं. तिला ‘बाई’ म्हटलं होतं. कधी ‘सोमाची बायको’. कमलाकांतच्याही हे ध्यानात आलं नव्हतं आणि त्याने वही दोनदा वाचली होती.

“राहिलं असेल,” मास्तर म्हणाले. “घालू काहीतरी.”

“घाला. पन ती सगळ्या गावाची नावं राखते. तिचं कोन राखतं, ते काय तुमी लिवलं नाय.”

काकीचा आवाज चढला नव्हता. ती वहीच्या कडा सारख्या करत होती.

“तांदळाचं ताट आठवतं तुमाला?” ती म्हणाली. “लग्नाचं. तुमी अंगठीनं लिवलंत त्यात. मंगला. मला वाचता येत व्हतं, मी वाचलं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं ताट चुकून माझ्यापुढं आलं.”

“तो रिवाज आहे,” मास्तर म्हणाले. “सगळ्यांकडे असतो.”

“तुमच्या नोंदपुरात बी सगळ्यांकडंच असतो ना?”

मास्तरांची नजर वहीवर गेली.

“त्यो पुनवा दोन दिस चंद्रकांत व्हता, तर तुमी दोनशे पानं लिवलीत,” ती म्हणाली. “मी अठरा वर्सं मंगला हाय.”

मग ती उठली. “भात लागंल,” म्हणाली आणि आत गेली.

कमलाकांतला तिथून पळून जावंसं वाटलं. मास्तर समुद्राकडे बघत बसले होते. आपण हे नोंदपूर कुठून आणलं, याचा त्यांना अभिमान होता. शिरगणतीतून आणलं, पुनवाच्या अंगणातून आणलं, डोक्यातून काढलं. सगळ्यांत भयंकर कल्पना त्यांची स्वतःची होती: एक दिवस परक्या घरात तुम्हाला नवं नाव मिळतं, जुनं कुणी उच्चारायचं नाही, आणि सगळे जेवायला बसतात. ती कल्पना त्यांनी स्वतःच्या हाताने, सोन्याच्या अंगठीने, तांदळात लिहिली होती. आणि खरोखर जेवायला बसले होते.

थोड्या वेळाने त्यांनी आतून लाल शाईची दौत आणली. वहीचं पहिलं पान उघडलं. वर कोपऱ्यात लिहिलं: चुकलो. खाली तारीख घातली.

“मार्चमध्ये पाठवायचं नाही,” ते कमलाकांतला म्हणाले. आवाज पूर्वीसारखाच ठाम होता. “बीए, पुस्तक आता कुठे सुरू झालं.”

तिचं माहेरचं नाव भागीरथी. सारं माहीम तिला भागी म्हणे. सासरी ते जुनाट वाटलं, मास्तरणीला शोभेना. मास्तरांनी विचारलं, “पुस्तकात भागी लिहिलं तर चालेल?”

“लिवाल,” ती म्हणाली. “तोंडानं म्हनाल का?”

मास्तरांनी प्रयत्न केला. ओठ हलले. शब्द येईना. अठरा वर्षं ते बायकोला ‘अगं’ म्हणत होते, ‘ऐकलंस का’ म्हणत होते. मंगला हेही त्यांनी कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला नावाने हाक मारणारा हा माणूस घरात येऊन मुका झाला. काकी बघत राहिली आणि मग खो खो हसली. “राहू द्या. घाम आला तुमाला.”

पण मास्तर राहू देणारे नव्हते. ते सराव करू लागले. सायकलवर, वाळूत, केळीच्या मागे उभं राहून. एकदा कमलाकांतने वाडीच्या कुंपणापलीकडून ऐकलं: “भागी. भागी. भागी.” शुद्धलेखन घोकावं तसं. तो पाय न वाजवता मागे सरकला.

पंधरा दिवसांनी बाजाराच्या दिवशी अंगणात माणसं होती. बायडी मासळीची पाटी उतरवून बसली होती. शेजारच्या दोघी होत्या. वीजघराच्या कामावरचा एक परप्रांतीय मजूर “पानी मिलेगा?” म्हणत दाराशी उभा होता आणि मास्तरांनी नुकतंच त्याचं नाव विचारून घेतलं होतं. मास्तर अंगणाच्या मधोमध उभे राहिले. छाती भरून घेतली. पाड्यावर मारली होती तशी हाक मारली.

“भागी! पाण्याचा तांब्या आण!”

आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

बायडीने मान वर केली. “मास्तर, भागी कोन?”

“ही.”

“मंग मंगला कोन?”

“ती कागदावरची.”

“आगं बाय! आन चंद्रकांत?” बायडी म्हणाली, कारण ती गोष्ट साऱ्या किनाऱ्याला ठाऊक होती. “त्याला बी बोलवा, म्हंजे पंगत पुरी हुईल!”

हसणं आभाळाला गेलं. काकी तांब्या घेऊन दारात आली. तिचं तोंड लाल झालं होतं. तिने मजुराला पाणी दिलं आणि मास्तरांकडे न बघता म्हणाली, “आरडायला काय झालं? बहिरी हाय का मी?” पण ती लगेच आत गेली नाही. दारात उभी राहिली, पदराला हात पुसत, बराच वेळ.

त्या दिवसापासून घरात भागी हे नाव चालू झालं. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग दिवसातून इतक्यांदा की ती वैतागे. “सारखं काय भागी भागी? नाव झिजंल.”

वहीचं काम मात्र हळू चाललं. कमलाकांतला वाटलं होतं, आठवड्याचं काम आहे. लाल शाईने ‘बाई’ खोडायचं, वर ‘भागी’ लिहायचं. एका शब्दाला काय लागतं? पण एक विचित्र गोष्ट होऊ लागली. ‘बाईने दार उघडलं’ हे वाक्य ठीक होतं. ‘भागीने दार उघडलं’ म्हटलं की तिने ते का उघडलं, हा प्रश्न येई. ‘बाई रडू लागली’ हे मास्तरांनी एकूण नऊ वेळा लिहिलं होतं. तिथे भागी लिहिलं की नऊपैकी सात वाक्यं खोटी पडली. बाई कुठेही रडत असे. भागीला कारण लागे.

“बीए, तुझा नियम कळला मला,” मास्तर एकदा म्हणाले. “तुझ्या त्या पुस्तकांत माणूस मोडतो म्हणालास ना? ज्याला लिहिणारा नीट ओळखत नाही, तो लवकर मोडतो.”

“आणि ओळखत असला तर?”

“तर तो लिहिणाऱ्याला त्रास देतो.”

मग ते विचारायला आत जात. रोजचा कार्यक्रमच झाला. पान घेऊन चुलीपाशी उभे राहत. “भागी, समज कचेरीचा माणूस रात्रीचं जेवण मोजायला आला. तू काय करशील?” ती भाकरी उलटत म्हणे, “त्याला बी जेवायला घालीन. मंग त्याला बी मोजावा लागंल.” मास्तर धावत येऊन ते लिहीत. कधी ती म्हणे, “आज नाय सुचत. उद्या या.” मास्तर दुसऱ्या दिवशी जात. तिच्या उत्तराशिवाय पान पुढे सरकत नसे. पूर्वी विचारल्याशिवाय लिहायचं नाही हा नियम फक्त शिरगणतीसाठी होता.

अशी पावणेतीन वर्षं गेली. कमलाकांत महिन्यातून दोनदा येई. बोईसरला चहाच्या टपऱ्या वाढल्या. घिवलीकडचा रस्ता रुंद झाला. रस्त्यावर हिंदी ऐकू येऊ लागली आणि मास्तर सायकलवरून बिहारच्या, मद्रासच्या माणसांना नावाने हाका मारू लागले. वहीची जाडी दुप्पट झाली; पानांना पानं चिकटवलेली, लाल ओळींनी भरलेली. मास्तर म्हणत, “अजून दोन पावसाळे. मग छापणाऱ्याला काही बोलायला जागा राहणार नाही.” ते असं म्हणत तेव्हा शंका घेण्याचं कुणाला सुचत नसे.

सहासष्टच्या डिसेंबरात एका सोमवारी ते एकशे सदतिसाव्या पानावर आले. कादंबरीतली ही सगळ्यांत अवघड जागा. कचेरीचा साहेब घरी येतो. कागद पुढे करतो. माझ्या घरात राहतो तो चंद्रकांतच, असं लिहिलेलं आहे आणि खाली सही करायची आहे. सही केली तर सोमा संपला. नाही केली तर सोमाला नेतील. पूर्वी मास्तरांनी तिथे लिहिलं होतं: ‘बाईने मान खाली घातली.’

मास्तरांनी दौत उघडली. ‘बाईने’ या शब्दावर लाल रेघ मारली. मग उठून आत गेले.

“भागी, कागद पुढ्यात आहे. काय करशील?”

काकी सुके बोंबील निवडत होती. तिने हात थांबवला.

“याला टाइम लागंल,” ती म्हणाली. “उद्या सांगते.”

“उद्या,” मास्तर म्हणाले, आणि दौतीचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत पोरं पाणी प्यायला गेली होती. मास्तर खुर्चीत बसले होते. पोरं परत आली तेव्हाही ते बसलेलेच होते. वर्ग बराच वेळ शांत राहिला, कारण मास्तर हजेरी घेताना असंच एकेकाकडे बघत.

ते त्रेचाळीस वर्षांचे होते.

तेराव्यानंतर कमलाकांत घिवलीला गेला. काकीने वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने एकशे सदतिसावं पान उघडलं. तो म्हणाला, “काकी, तुमचं उत्तर काय होतं?”

“सुचलं व्हतं मला. सकाळीच सुचलं व्हतं. डबा बांधताना. म्हटलं, घरी आल्यावर सांगू.”

“मला सांगा. मी लिहितो. पुढची पंच्याहत्तर पानंही करतो. मला त्यांची पद्धत माहीत आहे.”

काकीने त्याच्याकडे बघितलं. डोळे सुजले होते, पण नजर सरळ होती.

“तुजं बीए तुज्या पुस्तकाला वापर,” ती म्हणाली. “हे त्यांनी इचारलं व्हतं.”

तिने चहा टाकला. तो प्यायला. वही दोघांच्या मध्ये उघडीच होती. ‘बाईने’ या शब्दावर लाल रेघ आहे. रेघेच्या वरची जागा कोरी आहे. पुढे ‘मान खाली घातली’ हे निळ्या शाईत तसंच आहे, खोडलेलं नाही, ठेवलेलंही नाही. त्यापुढच्या पंच्याहत्तर पानांवर लाल शाई नाही.